उतारातलं घर

मु. उंबरटेक, मोताळ्याजवळ, जि. बुलडाणा
वैशाख वद्य चतुर्थी, मे १९७१

प्रिय भालचंद्र,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी नव्यानं लिहावे लागत नाहीत. माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच फळीवर ठेवून देशील हे धरूनच लिहायला बसलो आहे. आधीच्या पत्रांचं तेच झालं, असं कळलं. म्हणून या खेपेला स्नेहलताला वेगळं कार्ड टाकलं आहे, की नवऱ्याचं जेवण झालं की त्याला समोर बसव, पाकीट फोडून हातात दे, आणि त्यानं नाहीच वाचलं तर तू मोठ्यानं वाच. सारा जन्म मलकापूरच्या कचेरीत कागद सरकवण्यात गेला. साहेबाला नको असलेला कागद त्याच्याकडून वाचवून कसा घ्यायचा, ही एकच विद्या मला येते. ती आज पोटच्या पोरावर वापरतो आहे.

सुनेवर डोळे वटारू नकोस. तिनं चहाडी केलेली नाही. मीच खोदून खोदून विचारलं तेव्हा तिनं लिहिलं, की तू धरणाच्या कॉलनीत मिळालेल्या क्वार्टरमध्ये झोपतच नाहीस. अंगणात लिंबाखाली खाट टाकतोस, भुरभूर पाऊस आला तर घोंगडी डोक्यावरून ओढून घेतोस, पण आत येत नाहीस. बांधकामावरून स्वतःहून बदली मागून घेतलीस आणि आता गोदामात सिमेंटची पोती उतरवून घेतोस. जेवताना ताटातल्या वरणात बोटानं आकडे काढतोस, पुसतोस, पुन्हा काढतोस. 'ते आपल्या घराच्या स्लॅबचंच गणित असतं, मामंजी, मला कळतं,' असं तिनं लिहिलं आहे. आता म्हणे तू तिलाही आत झोपू देत नाहीस. भालचंद्र, बायकोला अशी उघड्यावर किती दिवस झोपवणार आहेस? मी तुझ्यावर चिडलो आहे, हे तुला कळावं. आणि मला तुझी भीती वाटते, हेही कळावं. आई गेली तिथवर मी कसंबसं सोसलं. तू असा जिवंतपणी हातचा जाशील तर ते मला सोसायचं नाही.

माझं म्हणशील तर मी तुळशीरामकडंच आहे. माझ्याकडं येऊन राहा असं तू म्हणाला नाहीस, आणि म्हणाला असतास तरी अंगणात तिसरी खाट टाकायला मी काही येणार नव्हतो. तुळशीरामनं जुन्या घराचा पुढचा सोपा मला दिला आहे. तोच तुळशीराम, आपल्या उताराच्या पायथ्याशी ज्याचा वांग्या-मिरच्यांचा मळा आहे. त्याची बायको सोजराबाई दोन वेळा भाकर आणि वर हिरव्या मिरचीचा ठेचा देते. ठेचा असा की खाताना दुःख आठवायला सवड मिळत नाही. त्यांनी मला आजवर एका शब्दानं परका म्हटलेलं नाही. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढं जे लिहायचं आहे ते या दोघांनाही लागू होतं.

घर धाब्याचं आहे. दुपारी आडवा झालो की वर बघत राहतो. सागाच्या कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर कापसाच्या वाळल्या पळाट्या, पळाट्यांवर चिखल आणि सगळ्यात वर खारी माती. आपल्याकडच्या माणसाला घर म्हटलं की हेच डोळ्यांपुढं येतं. मृगाआधी जुन्या ओसाड गावठाणाच्या पांढरीवरून गाड्या भरून खारी आणायची, धाब्यावर पसरायची, पाणी शिंपडून चोपायची. मग ती अशी घट्ट बसते की पाणी खाली उतरत नाही, आणि तिच्यातल्या मिठामुळं वर गवताचं पातं उगवत नाही. लहानपणी वडनेर भोलजीला आत्याच्या गोठ्यात वासरू भिंत चाटत होतं म्हणून तूही चाटलीस आणि थू थू करत आईच्या पदराला तोंड पुसलंस. ती किती हसली होती. मातीत मीठ असतं हे तू तेव्हाच शिकलास. पुढचं शिक्षण सरकारच्या शाळेत झालं.

तू ओव्हरसियर होऊन आलास तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता, आणि तुमच्या वयाच्या प्रत्येक पोराला वाटायचं की आता सगळं नव्यानं बांधून काढायचं. आपल्या वाट्याला आलेली जमीन म्हणजे टेकडीचा उतार, नुसता मुरूम, तिथं तीळही धड यायचा नाही. तू म्हणालास, घर इथंच, पण उतारावर नाही, उतारात. तीन बाजू जमिनीच्या पोटात, तोंड तेवढं उगवतीला, वर सिमेंटची स्लॅब आणि स्लॅबवर पुन्हा टेकडीसारखी माती. वैशाखातलं आपल्याकडचं ऊन माणूस भाजून काढतं, त्याला उत्तर म्हणजे जमीन, असं तू कागदावर आकृत्या काढून आम्हाला समजावत होतास. मला कागदाबाहेरचं काही समजत नाही, म्हणून मी मान डोलावली. गावानं टिंगल केली. तुळशीरामच आधी म्हणाला होता, "नाना, पोरगं येवढं शिकलं आन् आता बिळात राह्याले चाललं काय?" तू हसलास आणि त्यालाच पाया खणायला लावलंस.

पाण्याची तुला फार धास्ती होती. जमिनीत घर म्हणजे चारी अंगांनी पाणी, असं तू रोज म्हणायचास. भिंतींच्या मागं हातभर जागा सोडून त्यात खडी भरलीस, म्हणजे टेकडीतून झिरपलेलं पाणी भिंतीला टेकायच्या आधी खाली उतरून चरातून निघून जावं. भिंतींच्या पाठीला आणि स्लॅबवर उकळतं डांबर, त्यावर गोणपाट, गोणपाटावर पुन्हा डांबर. तुझी आई त्या कढईखाली काड्या सारत बसायची. तिच्या लुगड्याला पडलेली भोकं आणि महिनाभर आमटीला येणारा डांबराचा वास मला अजून आठवतो. "पाण्याला अडवायचं नसतं, नाना, त्याला जायला वाट द्यायची असते," असं तू मला ऐकवलंस, जसा काही मीच पाणी अडवून बसलो होतो. डांबरावर रेती, रेतीवर मुरूम, मुरुमावर वीतभर माती, आणि मातीवर तू गवत पेरलंस. गवताची मुळं माती धरून ठेवतात आणि पाऊस डांबरापर्यंत पोचूच देत नाहीत, असं तुझं म्हणणं. निघताना तू आईला सांगितलंस, की ते गवत काढायचं नाही, खणायचं नाही आणि त्याच्यावर काही टाकायचं नाही. ती गवताकडं बघत होती. "घरावर गवत?" एवढंच म्हणाली. तू गाडीत बसायच्या घाईत होतास.

घर मात्र सोन्यासारखं निघालं. एक थेंब गळला नाही. वैशाखात अंगावर पासोडी घेऊन झोपणारी या मुलखातली ती एकटीच बाई असेल. दुपारी आळीतल्या बायका आपापली सुपं घेऊन आपल्याकडं ज्वारी निवडायला यायच्या, कारण तिथं घाम येत नसे, आणि तुझी आई प्रत्येकीला भिंतीला हात लावून पाहायला लावायची. 'माझ्या भालूनं केलं,' हे तिला दिवसातून एकदा तरी म्हणायचंच असे. पुढं तू धरणाच्या कामावर गेलास. रजा मिळत नव्हत्या. दिवाळ्या हुकल्या. तुझी पत्रं यायची, मी शनिवारी मलकापूरहून आलो की तिला वाचून दाखवायचो, आणि मी परत गेलो की ती तीच पत्रं सोजराबाईला न वाचता म्हणून दाखवायची. पाठ झालेली असायची.

आपलं छप्पर पुढून कधी दिसतच नाही, हे तुला माहीत आहे. ते पायाखाली यायचं तर मागून टेकडीवर चढावं लागतं. मोताळ्याच्या बाजाराची पाऊलवाट तिथूनच जाते, त्यामुळं गावानं आपलं छप्पर जेवढं पाहिलं तेवढं मी घरचा असून पाहिलेलं नाही. माझे गुडघे कचेरीच्या खुर्चीत गेले. माझा आणि छपराचा संबंध त्याच्याखाली झोपण्यापुरता. नोकरी संपवून घरी आल्यावर एकदा सोजराबाई रिकामी टोपली घेऊन मागच्या बाजूनं उतरताना दिसली. विचारलं तर तुझी आई म्हणाली, कुरडया वाळत घालायला वर जागा सारखी करून घेते आहे. मी पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं.

भाद्रपदातल्या त्या झडीचं मी तुला कधी नीट सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. आज सांगतो. दुपार होती. सहा-सात दिवस सूर्य दिसला नव्हता. मी पुढच्या ओट्यावर बसलो होतो, ती आत मागच्या खोलीत पाखडत होती. सुपाचा आवाज येत होता. मी चहासाठी हाक मारली. 'येते,' म्हणाली. लोक विचारतात की केवढा आवाज झाला असेल. मोठा झाला नाही. गाडीतून भरली पोती खाली टाकतात तसा झाला, आणि मग दारातून थंड धुरळा बाहेर आला. तुळशीराम मळ्यातून तसाच पहारी घेऊन धावत आला, आणखी माणसं आली. तिला काढायला संध्याकाळ झाली. चेहरा शाबूत होता. तू हे विचारशील म्हणून मी वाट पाहत राहिलो आणि तू कधी विचारलं नाहीस, तरी सांगतो, चेहरा शाबूत होता. त्या चहाच्या हाकेचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. थोडी आधी मारली असती तर ती ओट्यावर असती.

तार पोचून तू येईस्तोवर सगळं आटोपलं होतं. तू स्टेशनवरून परस्पर तुळशीरामच्या ओसरीवर आलास आणि तेराव्यापर्यंत आपल्या घराकडं पाठ करून बसलास. भेटायला येईल त्याला तू एकच सांगत होतास, की माझ्या हिशेबात चूक झाली, माझ्या स्लॅबनं माझी आई मारली. येणारा मान हलवायचा. तेव्हापासून गावात निकाल लागलेलाच आहे, की भालचंद्रनं लोखंड कमी घातलं. कोणी रागानं म्हणत नाही, तू घरचाच पोर आहेस. पण म्हणतात. आणि तू एकदाही वर चढून पाहिलं नाहीस. मी तुला त्याचा दोष देत नाही. मीही पाहिलं नव्हतं, या महिन्यापर्यंत.

आता मूळ गोष्ट. आपलं घर पडल्यावर गावानं स्लॅबचं नाव टाकायला हवं होतं, पण तुझ्या घराचा गारवा सगळ्यांच्या अंगाला लागलेला. तुळशीरामनं आपल्याच उतारात, आपल्या शेजारी, तसंच घर बांधायला काढलं. चैत्रात स्लॅब ओतून झाली. त्यानं मला हाताला धरून दाखवायला नेलं. "भालूभाऊच्या स्लाबात लोखंड कमी पडलं असन, नाना. म्या डबल टाकलं," असं म्हणाला आणि मग माझ्याकडं बघून ओशाळला. डांबरही केलं आहे, तुझंच पाहून. मृगाआधी त्याचा पोरगा, सून आणि नातवंडं तिथं राहायला जायची आहेत. गेल्या आठवड्यात पांढरीवरून खारी मातीच्या गाड्या येऊन त्या स्लॅबच्या कडेला रिकाम्या झाल्या. मी सोजराबाईला सहज विचारलं, की सिमेंटच्या घराला खारी कशाला? तिनं टोपलीत हात घातला होता. तशीच माझ्याकडं वळून म्हणाली, "बाईनंच तं शिकवलं मले. तुमच्या घरावर दरसाल आम्ही दोघीच टाकत होतो. तुमाले ठाऊक नाही काय?"

मी खाली बसलो. तिला वाटलं मला उन्हानं तिरमिरी आली, तिनं पाणी आणलं. मग तिनं सगळं सांगितलं, कौतुकानं, तुझ्या आईच्या आठवणीनं डोळे पुसत. पहिल्या साली खुरप्यानं सगळं गवत काढलं. मुळं वर येईनात तेव्हा रेती-मुरूम उपसून पार खोलवर खणून ओढली. मग दरसाल खारी पसरायची, पाणी मारायचं, चोपायची. एक साल चुकलं नाही. मी मलकापुरात असताना व्हायचं, आणि मी घरी आल्यावर कुरडयांच्या नावाखाली व्हायचं. तू काही टाकायचं नाही असं सांगितलं होतंस, हे सोजराबाईला माहीतच नव्हतं. तुझी आई तिला म्हणाली होती, नानांना सांगू नकोस, ते उगाच भालूला लिहितील आणि तो तिकडून रागावेल.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत, बसत-उठत मी आपल्या टेकडीवर चढलो. मागच्या खोलीवरची स्लॅब मधून खाली गेली आहे, कडा अजून भिंतींना धरून आहेत. पावसानं कड धुऊन काढली आहे, त्यामुळं सगळे थर उघडे दिसतात. मी कारकून माणूस, मला यातलं कळत नाही असं तू म्हणशील. पण हे आंधळ्यालाही कळलं असतं. खाली स्लॅब. तिच्यावर तुझं डांबर, त्यात खुरप्याचे वार, एकाशेजारी एक. गोणपाट कुजून गेलेलं. त्यावर पांढरी माती, दरसालच्या थराची रेघ वेगळी दिसते, आणि सगळी मिळून माझ्या कमरेला लागते. एवढं ओझं तुझ्या कुठल्या आकड्यात होतं? मी तुटक्या कडेतून बाहेर आलेली सळई धरली, तर तिचे पापुद्रे हातात आले आणि आत दाभणाएवढी तार राहिली. मातीचं बोट जिभेला लावून पाहिलं. मग ओट्यावर आलो. ओट्याच्या छपराची स्लॅब वेगळी, घरावरच्या स्लॅबहून पायरीभर खाली आहे. तिच्यावर कोणी कधी टोपलीभर माती टाकलेली नाही. पडझडीत तिचा एक कोपरा फुटला आहे, त्यातली सळई अजून काळी, टणक आहे. तेच लोखंड, त्याच गाडीतून आलेलं. तेव्हा मला आठवलं, की त्या निघायच्या दिवशी तू गाडीतून ओरडून आणखी काहीतरी म्हणाला होतास, खारीचं, मिठाचं, लोखंड खाण्याचं. बैल चालू लागले होते. तिनं हात हलवला. ऐकू आलं की नाही, देव जाणे.

तेव्हा वरणात आकडे काढणं बंद कर. तुझं गणित बरोबर होतं. घराचा पुरावा अजून उभा आहे, पावसाआधी येऊन डोळ्यांनी पाहून जा, माझ्या शब्दावर विसंबू नकोस. हे कळल्यावर मला आधी काय वाटलं ते सांगू? सुटल्यासारखं वाटलं, तुझ्यासाठी. आणि लगेच तिचा एवढा राग आला की मी त्या मातीच्या ढिगाऱ्यापाशी उभा राहून तिला वाटेल ते बोललो. इतक्या वर्षांच्या संसारात कधी बोललो नव्हतो. मग रडलो. म्हातारा माणूस टेकडीवर एकटा रडतो आहे हे बाजाराला जाणाऱ्यांनी पाहिलं असेल, त्याला माझा इलाज नव्हता.

खरं तर मी हे गिळून टाकलं असतं आणि फक्त तुला लिहिलं असतं. पण त्या गाड्या रिकाम्या झाल्या आहेत. मी तिचं नाव न घेता तुळशीरामला सांगून पाहिलं, की मिठानं लोखंड सडतं. तो हसला. "आज्या-पंज्यापासून खारी टाकून राह्यलो, नाना. मातीनं कधी घर पडते काय? काऊन घाबरता?" असं म्हणाला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला, घर पडल्यापासून माझं डोकं जरा हललं आहे अशा समजुतीनं. नुसत्या शहाणपणाला तो ऐकायचा नाही. का ऐकेल? त्याच्या बापाचं घर खारीखाली अजून उभं आहे. त्याला आपल्या पडक्या घरावर नेऊन ते थर दाखवावे लागतील, आणि हे कोणी टाकले ते सांगावं लागेल. तू येऊन सांगितलंस तर लोक म्हणतील, स्वतःच्या मानेवरचं मेलेल्या आईच्या माथी मारतो. मी सांगितलं तर मानतील. कुठला नवरा वारलेल्या बायकोवर असलं खोटं घालील? म्हणून मलाच सांगायचं आहे. सोनाळ्याला त्यांच्या सोयऱ्याकडं लग्न आहे, म्हणून माती पसरायचं काम थांबलं आहे. आज रात्री ती मंडळी परत येतील. उद्या सकाळी मी तुळशीरामला आणि चार जाणत्यांना घेऊन टेकडीवर जाणार आहे.

याची किंमत तुला कळावी. तुझी आई सवाष्ण गेली, म्हणून गावातल्या बायका अजून आपल्या ओट्यावर हळदकुंकू वाहून जातात. उद्यापासून त्याच म्हणतील, की हिनं आपल्या हातानं घर अंगावर घेतलं, नवऱ्यालाही नेलं असतं. आणि सोजराबाई? ती माझ्या ताटात भाकर वाढते. ज्या हातांनी वाढते त्याच हातांनी तिनं त्या टोपल्या वाहिल्या, हे तिला उद्या माझ्या तोंडून कळेल. मी तिला समजावीन, पण ती ते कसं झेलेल ते मला सांगता येत नाही. पण नातवंडं त्या स्लॅबखाली झोपणार आहेत. यापुढं मला विचार करता येत नाही.

आता शेवटचं, आणि याच्यासाठीच हे पत्र आहे. तुझ्या आईनं हे सवयीनं केलं असं मी समजत होतो. सोजराबाईनं वेगळंच सांगितलं. तुझी पहिली दिवाळी हुकली त्या साली बाजाराला चाललेल्या बायका आपल्या छपरावर दम खायला थांबल्या. तुझी आई खाली चुलीपाशी होती आणि धुराड्यातून तिला वरचं बोलणं ऐकू येत होतं. एक म्हातारी म्हणाली, "पहा वो, घरावर गवत माजलं. पोरगा मेला का परागंदा झाला यांचा?" आपल्याकडं तसंच समजतात. मृगाआधी छपरावर चढणारा पोरगा उरला नाही, त्याच घरावर गवत. चूल तशीच टाकून ती खुरपं घेऊन वर गेली. सोजराबाई पोचली तेव्हा ती दोन्ही हातांनी गवत उपटत होती, बोटं चिरली होती, आणि म्हणत होती, "माझा पोरगा आहे. त्याच्या घरावर मी गवत ठेवायची नाही." तू हे वाचशील तेव्हा माझं गावात सांगून झालेलं असेल. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुझ्या कानावर जायच्या आधी ते माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. गावाला मी एवढंच सांगणार आहे, की बाईला धाब्याची जुनी सवय होती, तिनं माती टाकली. ते तिला अडाणी म्हणतील, म्हणू देत. ती त्या दिवशी वर का चढली, ते मी फक्त तुला सांगितलं आहे.

तुझाच,
नाना